अकरावर कोणीच नाही

शेवटी रेफरीकाकांनी बाबांना लाल कार्ड दाखवलं आणि बाबा स्वतःच्याच स्वयंपाकघरातून मान खाली घालून बाहेर गेले.

असं काही झालेलं नाही. आत्ता सकाळचे आठ वाजून गेलेत, बाबा स्वयंपाकघरात चहा गाळतायत, त्यांच्या नावावर कुठलंही कार्ड नाही आणि त्यांची मान सरळ आहे. वरचं वाक्य कोणी वाचलं असेल तर त्याने ते मनातच ठेवावं.

घरात धाकट्याला ‘इंजिनिअर’ म्हणत. त्याने एकदा मिक्सर उघडला होता, एवढ्या भांडवलावर. परत जोडायला बाहेरून माणूस बोलवावा लागला, पण उघडताना चारही स्क्रू त्याने ज्या शांतपणे बशीत काढून ठेवले, त्याची छाप पडली ती पडलीच. प्रत्यक्षात तो एका छापखान्यात मुद्रितं तपासायचा. तिथे त्याला काहीच म्हणत नसत.

“भावजी, परत थांबलं,” आतल्या खोलीतून वहिनींचा आवाज आला.

तो धावला. लॅपटॉपच्या पडद्यावर सरावाच्या कॉलवरची मैत्रीण तोंड अर्धं उघडं ठेवून गोठली होती. वहिनी तिच्याकडे बघत होत्या. दहाला परीक्षा होती.

परीक्षा म्हणजे फार्मासिस्टच्या परवान्याची, घरी बसून ऑनलाइन द्यायची. वहिनी औषधाच्या दुकानात इतकी वर्षं काम करत होत्या, की गिऱ्हाईक खोकलं की त्यांना बाटली कुठल्या फळीवर आहे ते दिसायचं. पण बिलावर सही मालकाच्या भाच्याची, कारण परवाना त्याच्याकडे होता. भाचा आठवड्यातून एकदा येऊन सह्या करायचा आणि जाताना वहिनींना विचारायचा की ॲसिडिटीवर काय घेऊ. पहिल्या वेळी वहिनी रीतसर नापास झाल्या. दुसऱ्या वेळी पेपर चांगला चालला होता आणि मध्येच इंटरनेटने मान टाकली. ही तिसरी आणि शेवटची संधी. यानंतर नियमाप्रमाणे त्यांनी आयुष्यभर भाच्याच्या सहीखाली औषधं द्यायची.

नियम अजून एक होता. जोडणी तुटली आणि दहा मोजेपर्यंत परत आली नाही, की एक इशारा. असे दोन इशारे माफ. तिसऱ्याला पेपर आपोआप बंद.

“तार लावू,” इंजिनिअर म्हणाला.

“कुठे?” वहिनींनी लॅपटॉप उचलून चारही बाजूंनी दाखवला. तारेचं भोकच नव्हतं. कंपनीने बारीक दिसायच्या नादात ते काढून टाकलं होतं. जोडायचा तुकडा मागवला होता, तो अजून वाटेत होता. मोबाईल खोलीत न्यायला बंदी. आणि घरातला राउटर जुना, इंटरनेटवाल्याने जोडणीबरोबर फुकट दिलेला. इमारतीत चारही घरांना त्याने तसेच दिले होते. नव्या राउटरांना म्हणे वेगळा, रुंद रस्ता मिळतो. हे चौघं जुन्याच गल्लीत राहत होते.

इंजिनिअरने मोबाईलवर एक ॲप उघडलं. या ॲपमध्ये आसपासचा प्रत्येक राउटर एका टेकडीसारखा दिसतो. खाली चॅनलचे, म्हणजे राउटर ज्या पट्ट्यावर बोलतो त्याचे आकडे, वर टेकड्या. जितका जवळचा राउटर तितकी उंच टेकडी.

सगळ्या टेकड्या अकरा नंबरवर होत्या. एकावर एक, एकातून एक, जणू कोणी पातेल्यांचा ढीग घासायला टाकलाय. एक ते सहापर्यंत पडदा मोकळा. तिथे चिटपाखरू नव्हतं.

ही टेकड्यांची गर्दी इंजिनिअरच्या ओळखीची होती.

“काय दिसतंय?” वहिनी म्हणाल्या.

“गर्दी आहे जरा.”

“भावजी.”

“सगळे अकरावर आहेत.”

“सगळ्यांना अकराच कसं सुचलं?”

त्याने मोबाईल पालथा ठेवला. मिक्सरच्या वेळीही त्याने झाकण असंच पालथं ठेवलं होतं. वहिनींनी लॅपटॉप खाली ठेवला.

“कोणाकोणाला सांगितलंत?”

“तसं सगळ्यांनाच,” तो म्हणाला. “पण प्रत्येकाला खाजगीत.”

झालं होतं असं. पूर्वी अकरावर खरंच कोणी नव्हतं. खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर एकदा जिन्यात कुरकुरले, की नेट फार रडतं. इंजिनिअरने ॲप उघडून, आवाज खाली आणून सांगितलं, “अकरावर कोणीच नाही. कोणाला बोलू नका.” डॉक्टर इतके भारावले की त्यांनी त्याचा एक दात फुकट साफ केला. मग समोरच्या व्हायोलिनबाई कुरकुरल्या, मग वरचे रेफरीकाका. इंजिनिअरने परत ॲप उघडायचे कष्ट घेतले नाहीत. गुपित एकच होतं, ते त्याने तिघांना दिलं आणि शेवटी स्वतःलाही लावून घेतलं.

“बोलवा सगळ्यांना,” वहिनी म्हणाल्या. आवाज अजिबात चढलेला नव्हता, आणि तेच वाईट होतं. “जिन्यात. आत्ता.”

जिन्यात तिघं जमले. डॉक्टर पांढऱ्या कोटात. व्हायोलिनबाई हातात गज घेऊन, कारण त्या शिकवणीच्या मध्यातून उठल्या होत्या. रेफरीकाका निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण शिट्टी गळ्यात होती. ती ते अंघोळीलाही काढत नाहीत, अशी वदंता होती.

“तुम्ही पण अकरावर?” डॉक्टर व्हायोलिनबाईंना म्हणाले. “मला तर सांगितलं होतं, तिथे कोणीच नाही.”

“मलाही.”

“मला शपथ घातली होती,” रेफरीकाका म्हणाले.

सगळ्यांच्या नजरा इंजिनिअरकडे वळल्या.

“सांगितलं तेव्हा खरंच कोणी नव्हतं,” तो म्हणाला.

“मला सांगितलंत तेव्हा?” व्हायोलिनबाई.

“पहिल्यांदा सांगितलं तेव्हा.”

“पहिला मी,” डॉक्टर म्हणाले आणि कोटाचं बटण लावलं. “म्हणजे अकरा माझा.”

“जमिनीचा सातबारा नाहीये तो!” बाईंनी गज उगारला.

“माझी वहिनी दहाला परीक्षेला बसतेय,” इंजिनिअर म्हणाला. “शेवटची संधी आहे. दोन मिनिटं ऐका.”

ऐकलं. शेजारी होते, शत्रू नव्हते. निदान नऊ वाजेपर्यंत नव्हते.

त्याने समजावलं. राउटर हे चांगल्या घरातले असतात. बोलण्याआधी ऐकतात. त्याच चॅनलवर दुसरा कोणी बोलत असेल तर थांबतात. चौघं एकाच चॅनलवर आले की सगळा वेळ थांबण्यातच जातो, आधी तुम्ही, आधी तुम्ही, आणि वहिनींची परीक्षा दारातच उभी.

“मग मी चार घेतो,” व्हायोलिनबाई म्हणाल्या. “चारावर कोणी नाही ना?”

“चार एकालाही चिकटतो आणि सहालाही. चॅनल शेजारी-शेजारी घेतले की ते एकमेकांच्या हद्दीत घुसतात. त्यापेक्षा एकाच चॅनलवर दोघं परवडले, ते निदान पाळीपाळीने बोलतात. शेजारच्या चॅनलवरच्याचे शब्द कळत नाहीत, नुसती कलकल ऐकू येते. मग दोघांचंही बोलणं वाया जातं. एकमेकांना न चिकटणारे तीनच आहेत. एक, सहा आणि अकरा.”

“आणि बाकीचे?”

“नावाला.”

“तीन चॅनल,” रेफरीकाका म्हणाले. “चार घरं.”

सगळ्यांनी बोटांवर मोजून बघितलं. खाली कुठेतरी नळ ठिबकत होता.

“आणि पॉवर कमी करायची,” इंजिनिअरने उरलंसुरलंही सांगून टाकलं. “सगळ्यांनी. शंभर ठेवली की आपलं बोलणं तीन मजले ऐकू जातं. पंचवीस पुरे.”

यावर मात्र भडका उडाला. चॅनल एक वेळ देता येतो, पॉवर कोण देणार? डॉक्टर म्हणाले, त्यांच्या मेहुण्याच्या घरी शंभर आहे आणि तो साधा कारकून आहे. व्हायोलिनबाई म्हणाल्या, पंचवीस म्हणजे नापास. रेफरीकाका म्हणाले, मैदानावर बावीस जणांनी मिळून प्रयत्न केला होता, तरी ते कमी झाले नव्हते.

दारात वहिनी येऊन उभ्या राहिल्या. हातात ओळखपत्र, पाण्याची लेबल काढलेली बाटली. परीक्षेत बाटलीवर लेबल चालत नाही.

“डॉक्टर, तुमच्या आईची बीपीची गोळी कंपनीने बदलली तेव्हा तुम्हाला फोन कोणी केला होता?”

डॉक्टरांनी कोटाचं बटण काढलं. “तुम्ही.”

“त्या बिलावर सही कोणाची होती?”

“त्या भाच्याची.”

वहिनी आत निघून गेल्या. एवढंच. यानंतर वाटाघाटी भराभर झाल्या. व्हायोलिनबाईंना एक, डॉक्टरांना सहा, वहिनींना अकरा. उरले रेफरीकाका. त्यांनी कोणाबरोबर तरी एक चॅनल वाटून घ्यायचा.

“बाईंच्या शिकवण्या चालू,” इंजिनिअर म्हणाला. “आणि डॉक्टर, तुमचं काय चालू असतं?”

“मासा,” डॉक्टर म्हणाले.

दवाखान्यातल्या काचेच्या टाकीवर कॅमेरा लावलेला होता. डॉक्टरांची आई परगावी एकटी राहायची आणि दिवसभर तो मासा बघायची. “चांगल्या चित्रात दिसतो. खवले मोजता येतात. तो बंद केला तर ती घाबरते.”

यावर कोणी हसलं नाही.

“मी अकरावर येतो,” रेफरीकाका म्हणाले. “सूनबाईंबरोबर. मी काही बघतच नाही.”

“तुमच्या घरातून दिवसरात्र प्रेक्षकांचा आवाज येतो,” व्हायोलिनबाई म्हणाल्या.

“आज नाही येणार,” काका म्हणाले आणि शर्टाच्या खिशातून पिवळं कार्ड काढून स्वतःलाच दाखवलं. मग म्हणाले, “आणि जिन्यात मी बसतो. आवाज करायचा नाही ना? शिट्टी काढून ठेवतो.” त्यांनी खरोखर शिट्टी काढली. ते बघून व्हायोलिनबाईंना भरून आलं.

चॅनल बदलायला बसल्यावर तिन्ही शेजाऱ्यांच्या राउटरचे पासवर्ड एकच निघाले.

दहाला टेकड्या तीन ठिकाणी नीट बसल्या होत्या, बुटक्या आणि समजूतदार. वहिनींनी दार लावून घेतलं. परीक्षेचं सॉफ्टवेअर बघतही होतं आणि ऐकतही होतं. खोलीत दुसऱ्या माणसाचा आवाज आला की तोही गुन्हा. त्यामुळे इंजिनिअर दाराबाहेर भिंतीला टेकून बसला, मोबाईल मांडीवर, श्वास बेताचा. आतून कीबोर्डची टकटक येत होती. टकटक चालू आहे तोवर सगळं ठीक.

बाबा एकदा पॅसेजमधून गेले. बाबांना या परीक्षेबद्दल काय वाटतं, हे कोणालाच माहीत नव्हतं. वहिनींनी फॉर्म भरल्याचं सांगितलं तेव्हा ते “बरं” म्हणाले होते. त्या ‘बरं’चा अर्थ लावण्यात घराने एक अख्खं वर्ष घालवलं होतं. दादा दौऱ्यावरून फोन करूनही तेच विचारायचा, “बाबा अजून काही म्हणाले का?”

बराच वेळ टकटक चालली. मग थांबली.

ॲपमध्ये सहावरची टेकडी नव्हती. ती आठवर उभी होती.

इंजिनिअर अनवाणी जिन्यात पळाला आणि काकांना बोटांनी आठ दाखवले. काका खाली दवाखान्यात घुसले. डॉक्टर एका रुग्णाच्या तोंडात आरसा धरून उभे होते.

“मी मधे आलो,” ते कुजबुजले. “सहावरून बाईंच्या शिकवणीला त्रास होत असेल असं वाटलं, अकरावर तर परीक्षा. म्हटलं मधला आठ घ्यावा, कोणालाच त्रास नको.”

आठ हा अकराला चिकटतो. डॉक्टरांनी सौजन्याने थेट परीक्षेतच दंगल पेटवली होती. काकांनी पिवळं कार्ड दाखवलं. चूक कोणाची ते न कळून रुग्णाने हात वर केले. टेकडी सहावर परत गेली, वर टकटक सुरू झाली. पण मधे दहा मोजून झाले होते. एक इशारा गेला.

इंजिनिअर परत भिंतीला टेकला. त्याला तहान लागली होती. पाण्यासाठी उठावं तर फरशी वाजेल. अर्धा पेपर झाला असेल, कदाचित जास्त. मग पडद्यावर एक नवीन टेकडी उगवली.

ती अकरावर होती. उंच, इतकी उंच की पडद्याच्या वर गेली. आणि तिचं नाव त्यांच्याच राउटरचं होतं.

आपल्या घरात आपल्या राउटरचं भूत शिरलं की काय, असं त्याला एक क्षण वाटलं. टकटक अडखळली, थांबली. त्याने मनात मोजलं. सात, आठ, नऊ, दहा. अकरा, बारा. मग कुठे टकटक परत आली, पण लंगडत. दुसरा इशारा. आता एकही उरला नव्हता.

हातातला मोबाईल पुढे धरून तो घरभर फिरला, विहिरीचं पाणी शोधणाऱ्यासारखा. टेकडी स्वयंपाकघराच्या दिशेने वाढत गेली.

बाबा ओट्याशी उभे होते. मिक्सरच्या प्लगमध्ये एक पांढरा डबा खोचलेला होता, चार शिंगांचा, हिरवा दिवा लुकलुकणारा. बाबांनी तोंडावर बोट ठेवलं, मग ओट्यावरचा खोका उचलून दाखवला. खोक्यावर लिहिलं होतं: सिग्नल दुप्पट, कानाकोपऱ्यात. खाली बाबांनी पेनने बारीक अक्षरात लिहिलं होतं: सूनबाई, परीक्षा.

वर्षभराचं ‘बरं’ असं मिक्सरच्या प्लगमध्ये लुकलुकत होतं.

हा डबा म्हणजे बूस्टर, आणि बूस्टर स्वतःचं काही बोलत नाही. जे ऐकतो तेच, त्याच चॅनलवर, पुन्हा मोठ्याने म्हणतो. वहिनींचं प्रत्येक उत्तर आता दोनदा जात होतं, आणि अकरावर आधीच जागा बेताची. इंजिनिअरने प्लगकडे हात नेला. बाबांनी तो हात धरला.

त्याने मोबाईलवरची टेकडी दाखवली. बाबांनी ती बघून समाधानाने मान डोलावली. एवढी उंच टेकडी म्हणजे वस्तू चांगली आहे. त्याने दोन्ही तळहात एकमेकांवर आपटायचा अभिनय केला. बाबांनी खोक्यावरच्या ‘दुप्पट’वर बोट ठेवलं. त्याने हात जोडले. बाबा प्लगसमोर छाती काढून उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदाच ते सुनेसाठी काहीतरी उघडपणे करत होते आणि हा मिक्सरवाला त्यांना अडवत होता.

आतली टकटक थांबून थांबून येत होती. तेवढ्यात काका आले. चपला जिन्यातच काढल्या होत्या. त्यांनी डबा बघितला, बाबांना बघितलं, मोबाईलवरची टेकडी बघितली. मग शर्टाच्या दुसऱ्या खिशातून, कसलीही घाई न करता, लाल कार्ड काढून हात सरळ वर नेला.

बाबांनी कार्डाकडे बघितलं. त्या कार्डापुढे वाद घालता येत नाही, हे त्यांनी टीव्हीवर अनेकदा पाहिलं होतं. त्यांचे खांदे उतरले. ते स्वतःच वळले, डबा धरला आणि थांबले. त्यांनी दाराकडे बोट दाखवून भुवया उंचावल्या.

बाबांचा प्रश्न बरोबर होता. लॅपटॉप आता या डब्यालाच धरून असेल तर? डबा काढला की जोडणी तुटणार. दहा मोजायच्या आत लॅपटॉपने मूळचा राउटर परत धरला तर ठीक. नाही धरला तर तिसरा इशारा, भाचा, सही. आणि डबा तसाच ठेवला तर? आत टकटक पुन्हा अडकली.

इंजिनिअरने होकारार्थी मान हलवली. बाबांनी डबा उपसला.

आत शांत. टकटक नाही, काही नाही.

बाबांनी एक बोट वर केलं. मग दुसरं, मग तिसरं. काकांनी कार्ड अजून खाली घेतलं नव्हतं. चौथं. पाचवं. बाबांचा एक हात संपला, त्यांनी डबा काखेत मारून दुसरा हात काढला. सहावं. सातवं बोट पूर्ण सरळ झालंच नाही. आठवं.

टक.

मग टकटक, टकटक, भराभर, मागचं सगळं भरून काढत असल्यासारखी. बाबांनी आठ बोटं तशीच हवेत ठेवली. मग मान खाली घालून, डबा काखेत धरून ते बाहेर गेले आणि जिन्याच्या पायरीवर बसले. काका त्यांच्या शेजारी बसले. नियम नियम असतो, पण शेजार वेगळा.

दुपारी दार उघडलं तेव्हा बाबा परत पॅसेजमध्ये आले होते. वहिनींच्या कपाळावर हाताचा वळ उमटला होता.

“झाला,” त्या म्हणाल्या. “पूर्ण. शेवटचा प्रश्न ॲसिडिटीचा होता.” मग त्यांची नजर बाबांच्या काखेकडे गेली. “बाबा, ते काय आहे?”

“काही नाही,” बाबा म्हणाले. “दिवा आहे.”

वहिनींनी खोका ओट्यावर बघितला. पेनने लिहिलेलं वाचलं. खोका त्यांनी टाकून दिला नाही. आपल्या कपाटात, साड्यांच्या वर ठेवला. त्या दिवशी दादाचा फोन आला आणि त्याने विचारलं, बाबा काही म्हणाले का, तेव्हा वहिनी म्हणाल्या, “बरंच.”

संध्याकाळी जिन्यात परत सभा भरली. चौघांचंही मत पडलं की आज व्यवस्था उत्तम चालली, आणि चौघांचंही मत पडलं की ती पुढे चालवायची नाही. चॅनल वाटून घेण्याला काकांची हरकत होती, सहाला डॉक्टरांची, एकला बाईंची, कारण एक म्हणजे सुरुवात वाटते. पॉवर प्रत्येकाने आधीच गुपचूप वाढवली होती. तेव्हा वरूनच काहीतरी झालं पाहिजे, असं ठरलं, आणि अर्ज इंजिनिअरने लिहावा, कारण गुपित त्याचं होतं. शेवटचा मुद्दा बाबांनी घालायला लावला. तो घातल्याशिवाय ते सही करायला तयार नव्हते.

प्रति, मा. प्रमुख, लहरी व निसर्गनियम विभाग. विषय: चौथा चॅनल मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती की, सदर इमारतीत घरे चार व एकमेकांस न चिकटणारे चॅनल तीन असल्याने, निसर्गनियमांत आवश्यक ती दुरुस्ती करून चौथा चॅनल मंजूर करण्यात यावा. मंजुरीस विलंब लागत असल्यास तोवर लहरींना आपापल्या घराच्या भिंतीशी थांबण्याचे तोंडी आदेश व्हावेत. आणि परीक्षेच्या दिवशी स्वयंपाकघरात लावण्यात आलेल्या बूस्टरमुळे सूनबाईंस मदतच झाली, अशी नोंद मागील तारखेपासून कार्यालयीन दप्तरी घेऊन तसे लेखी कळविण्याची कृपा व्हावी.